पिंजरे वाढले तसे हल्ले का वाढले? जुन्नरच्या बिबट्यांचा पन्नास वर्षांचा हिशोब

जुन्नर म्हटलं की शिवनेरी आणि नाणेघाट आठवतो, आठवायलाच पाहिजे. पण आजच्या भागात इतिहास आहे तो गेल्या पन्नासेक वर्षांचा, आणि त्यातलं मुख्य पात्र चार पायांचं आहे.

नारायणगावात किंवा मंचरला कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, की बाबा, बिबटे एवढे का झाले? तीन उत्तरं हमखास मिळतात. जंगल तोडलं म्हणून ते गावात आले. वनखात्यानं कुठून तरी आणून सोडले. आणि तिसरं, ऊस. तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे आणि खरा घोळ तिथेच आहे. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडलीय: बग दिसतो एका ठिकाणी, असतो दुसऱ्याच ठिकाणी. फरक एवढाच की आमच्याकडे कारण चुकलं तर ॲप बंद पडतं. इथे कारण चुकलं तर माणूस जातो, आणि बऱ्याचदा ते लहान पोर असतं.

आधी जुनी परिस्थिती बघू. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्री, धो धो पाऊस, भीमाशंकरचं रान. त्या पट्ट्यातले महादेव कोळी लोक वाघबारस पाळतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आता ज्या प्राण्याशी आपला संबंधच नाही, त्याच्यासाठी कुणी सण करत नाही. म्हणजे डोंगरात बिबट्या होताच, फार आधीपासून. पूर्वेकडचा भाग मात्र कोरडवाहू. बाजरी, मटकी, हुलगे, आणि उन्हाळ्यात उघडी रानं. तिथे एवढ्या मोठ्या जनावरानं दिवसभर लपायचं कुठे?

मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे, अशी पाच धरणं. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव राहिलं, गाव राहिलं नाही. (यावर वेगळा भाग करायचाय.) कालव्यांचं पाणी पूर्वेला फिरलं आणि बाजरीच्या जागी ऊस, द्राक्षं, केळी, टोमॅटो आले. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. घरं पक्की झाली, पोरं शिकली. या पाण्यानं आपल्या दोन पिढ्यांचं भलं केलंय, हे विसरून पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

आता ऊस बिबट्याच्या नजरेतून बघा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा. आत सावली, गारवा, शेजारी पाटाचं पाणी, माणसाची वर्दळ नाही. मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा. त्यामुळे उसातच पिल्लं होतात, आणि तोडणी सुरू झाली की कोयत्याच्या पुढ्यात सापडतात. त्या पिल्लांना जंगल माहीतच नसतं. त्यांच्यासाठी ऊस हेच घर. म्हणून ‘जंगल तोडलं, ते बाहेर आले’ हे इथल्या बिबट्यांना पुरेसं लागू पडत नाही. इथे उलट एक नवं जंगल आपणच लावलं, आणि ते दरवर्षी तोडून पुन्हा लावतो.

पण नुसत्या लपणीवर पोट भरत नाही. जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रं कितीतरी जास्त. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, हॉटेलांचा खरकटा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. या साखळीचं पहिलं टोक ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात आहे, पण सभेत त्यावर कुणी बोलत नाही.

आता गोष्टीचा गाभा. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. लोकांचा दबाव वाढला आणि २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली. शंभराहून जास्त बिबटे पकडले गेले. बरेचसे जवळपासच्या जंगलांत सोडले, सरासरी ४० किलोमीटरवर. पुढे काय झालं? २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली. चौपटीहून जास्त! अत्रेय आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात आला.

इथे एक शंका यायलाच हवी. हल्ले वाढले म्हणून पिंजरे वाढले असतील, उलटं कशावरून? रास्त शंका आहे. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडत नाही. पण जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले वाढले, आणि हे ‘हल्ल्यामुळे पिंजरा’ या उलट्या दिशेनं समजावता येत नाही.

का झालं असेल? बिबट्या हद्दीचा प्राणी. त्याला पोत्यासारखं उचलून नव्या जागी ठेवलं तर तो तिथे राहत नाही, चालायला लागतो. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या २००९ मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. हाच तो ‘आजोबा’, ज्याच्यावर पुढे सिनेमा निघाला. तो चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला, शंभर किलोमीटरहून जास्त. त्यानं वाटेत कुणाला काही केलं नाही. पण पिंजऱ्यात धडका देऊन जखमी झालेला, बावरलेला, अनोळखी वस्त्यांतून वाट काढणारा प्रत्येक बिबट्या आजोबाइतका शहाणा निघेल याची खात्री कोण देणार? आणि इकडे त्याची रिकामी झालेली हद्द तशीच राहत नाही. ऊस आहे, कुत्री आहेत, दुसरा येतो.

मग लोकांना पिंजरा कामाचा का वाटतो? हल्ले हे रोज ठरावीक संख्येनं होत नाहीत. महिनोन्‌महिने काही नाही आणि मग पंधरा दिवसांत दोन. त्या दोनानंतर पिंजरा लागतो, त्यात एक बिबट्या सापडतो, पुढचे काही महिने शांत जातात. ते कदाचित तसेही शांत गेले असते! शिवाय पिंजऱ्यात सापडतो तो आतल्या बकरीला भुललेला बिबट्या. हल्ला करणारा तोच होता की दुसरा, हे बहुतेक वेळा कळत नाही. ताप उतरणीला लागला असताना घेतलेल्या गोळीला जसं श्रेय मिळतं, तसंच हे.

तरी हा हिशोब मी हल्ला झालेल्या घरात जाऊन सांगणार नाही. तिथे पिंजरा मागणं म्हणजे निदान कुणीतरी काहीतरी करतंय हे डोळ्यांनी बघायची मागणी असते. २०२५ च्या अखेरीस शिरूरमधल्या पिंपरखेड भागात माणसं गेली, लोक रस्त्यावर उतरले. तो राग खोटा नव्हता. माझ्या मते त्या रागातली सगळ्यात नेमकी मागणी बिबट्याबद्दलची नव्हतीच. शेतीला दिवसा वीज द्या, ही होती. थ्री फेज लाइट रात्री येणार असेल तर दारं धरायला माणूस रात्रीच उसात जाणार, बॅटरी घेऊन, वाकून. आणि तोडणीच्या हंगामात मजुरांच्या कोप्या फडाला लागूनच असतात, त्यांना दार नसतं. बिबट्या आणि माणूस एका जागी एका वेळी का येतात, याचं अर्धं उत्तर वीज मंडळाच्या वेळापत्रकात आहे.

केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट पकडून दुसरीकडे सोडू नका असंच म्हटलंय. माणिकडोहच्या निवारा केंद्रात जागा मोजकीच. आता जुन्नर विभागात काही मोजक्या माद्यांवर गर्भनिरोधनाचा प्रयोग करायला परवानगी मिळालीय. प्रयोग म्हटलं की माझा पहिला प्रश्न: तुलना कशाशी? पुढच्या वर्षी हल्ले कमी झाले तर ते माद्यांमुळे, दिवसाच्या विजेमुळे, की नुसतं ते वर्ष शांत होतं म्हणून? कुठल्या गावांत कोणता उपाय कधी सुरू झाला याची गाववार, तारीखवार नोंद आजपासून ठेवली, तरच पाच वर्षांनी याचं उत्तर देता येईल. तुमच्या गावात प्राथमिक बचाव पथक असेल तर त्यांच्याकडे अशी वही आहे का, विचारा आणि मला कळवा.