पेल एलच्या रेसिपीतले हॉप्स बदलायचेत? आधी हे साधं गणित समजून घ्या

बिअर कडू का लागते? याचं उत्तर आहे हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. अमेरिकेत १९७८ मध्ये घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि तिथे घरी बिअर बनवण्याचा छंद वाढला. १९८०मध्ये आलेल्या सिएरा नेव्हाडा पेल एलने 'कॅस्केड' या हॉप्सला घराघरांत पोहोचवलं. आजही अनेक रेसिपींमध्ये कॅस्केड असतं. पण ते मिळालं नाही तर काय करायचं?

हॉप्स कधी टाकता, यावर सगळं ठरतं

हॉप्समध्ये अल्फा अ‍ॅसिड असतं. माल्टच्या गोड पाण्यात ते बराच वेळ उकळलं की कडवटपणा उतरतो. वास देणारी तेलं मात्र उकळताना उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स साधारण ६० मिनिटं उकळतात, तर वासासाठीचे शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकतात. काही जण बिअर आंबल्यावर ते थेट थंड बिअरमध्येच घालतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात.

गणित काय आहे?

समजा, १९ लिटरच्या रेसिपीत ६० मिनिटांसाठी २८ ग्रॅम कॅस्केड सांगितलंय आणि त्यात ५.५ टक्के अल्फा अ‍ॅसिड आहे. तुमच्याकडे १० टक्क्यांचं सेंटेनियल आहे. २८ ला ५.५ ने गुणून १० ने भागा. उत्तर येतं सुमारे १५ ग्रॅम. तेवढंच सेंटेनियल पुरे. सरळ २८ ग्रॅम टाकलं, तर कडवटपणा जवळपास दुप्पट होईल आणि माल्टची चव दबून जाईल.

टक्केवारी पाकिटावर छापलेली असते. एकाच जातीतही ती दरवर्षीच्या पिकानुसार बदलते, त्यामुळे जुन्या आकड्यावर विसंबू नका. उघडं पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, कारण हवा आणि उष्णतेने अल्फा अ‍ॅसिड कमी होतं.

शेवटी टाकायच्या हॉप्सना मात्र हे गणित लावू नका. तिथे वजन साधारण तेवढंच ठेवा आणि निवड वासावरून करा.

कोणाचा वास कसा?

- कॅस्केड: पपनसासारखा, फुलांची झाक
- सेंटेनियल: लिंबू आणि फुलं
- सिट्रा: आंबा, लिचीसारखी फळं
- सिमको: पाइनच्या झाडासारखा
- ईस्ट केंट गोल्डिंग्ज: सौम्य, किंचित मातकट, इंग्लिश धाटणीच्या एलसाठी

एका वेळी एकच गोष्ट बदला. माल्ट, यीस्ट आणि हॉप्स एकदम बदलले तर चव कशामुळे फिरली, हे कळणारच नाही. आणखी एक, घरात कुत्रा असेल तर वापरलेला चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांसाठी जीवघेणे ठरू शकतात.

महाराष्ट्रात हे करता येतं का?

नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते. पण मायक्रोब्रुअरीच्या मेन्यूवर 'सिट्रा पेल एल' दिसलं, तर ग्लासातला आंब्याचा वास कुठून आला, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.