स्ट्रॉफ्लॉवर

कंपॉझिटी कुलातील मूळची ऑस्ट्रेलियातील ही वनस्पती (झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम, जुने नाव हेलिक्रायसम ब्रॅक्टिएटम) सुकल्यावरही रंग टिकवणाऱ्या फुलांसाठी लावतात. पाकळ्यांसारखी दिसतात ती कागदी, रंगीत छदे. खरी पुष्पके मधल्या चकतीत असतात. छदे दमट हवेत मिटतात, कोरड्या हवेत उघडतात. त्यामुळे उल्हास खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पावसाळी पट्ट्यात हे पीक कसे साधेल, असा आक्षेप येऊ शकतो. तो जून ते सप्टेंबरपुरता रास्त आहे. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. पण परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर पेरले तर फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. तेव्हा हवा कोरडी असते आणि उन्हाळ्याचा तडाखा सुरू झालेला नसतो. सुकवण्यासाठी याहून चांगला काळ येथे नाही.

बी बारीक असून उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीत पुरू नये, ओल्या मातीवर नुसते दाबावे. जागेची अडचणही खरी नाही: निचरा चांगला आणि ऊन भरपूर असेल, तर गच्चीवरची कुंडी पुरते. काढणीत मात्र घाई हवी. बाहेरची दोन-तीन वर्तुळे उघडताच फूल कापावे. कापल्यावरही ते उमलत राहते, आणि उशीर झाल्यास मधली चकती तपकिरी पडते. सुकताना देठाची मान लुळी पडते, म्हणून तार ताज्या फुलातच ओवतात. जुड्या सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगाव्यात आणि पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात ठेवाव्यात.