वॉल्टर काउफमान : एका निर्वासिताचे श्रवण

आकाशवाणीच्या प्रभातकालीन संकेतधुनेशी वऱ्हाडातील श्रोत्यांचा परिचय जुना आहे. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाल्यावर अमरावती-अकोल्याकडील कित्येक घरांत दिवसाचा आरंभ याच स्वरांनी होत असे. तिचे कर्तृत्व सामान्यतः वॉल्टर काउफमान यांच्याकडे दिले जाते. मात्र त्यांचे खरे कार्य या धुनेच्या पलीकडचे आहे.

काउफमान यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे यहुदी कुटुंबात झाला. प्राग येथील जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचा प्रबंध सिद्ध केला. परंतु आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे नाझी युवकसंघटनेचे स्थानिक पुढारी असल्याचे कळताच त्यांनी पदवी घेण्याचे नाकारले. पदवीचे मोल जाणणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी या नकारापाशी क्षणभर थांबावे. १९३४ साली ते मुंबईस आले. हिंदुस्थानच का, याचे त्यांनी पुढे दिलेले उत्तर अगदी साधे होते : येथील प्रवेशपरवाना सहज मिळण्याजोगा होता. १९३८ च्या म्युनिक करारानंतर कार्ल्सबाद जर्मनीकडे गेले आणि परतीची वाट खुंटली.

आपल्या संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच उमगले नाही. परंतु लक्षावधी लोक ज्यावर प्रेम करतात ते निरर्थक कसे असेल? दोष आपल्या कानाचाच असला पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. युरोपातील विद्वत्ता त्या काळी माणसांची वंशावर प्रतवारी लावीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते.

मुंबईत त्यांनी मेहली मेहता (झुबिन मेहता यांचे वडील) प्रभृतींसह पाश्चात्त्य संगीताची मंडळी उभारली, नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आणि १९४१ साली गोंड व बैगा गीतांवर निबंध प्रसिद्ध केला. आपला मेळघाट याच सातपुड्याचा भाग; फक्त तेथील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आणि गोंडी द्राविड कुळातील. काउफमान यांनी ही गीते युरोपीय स्वरलिपीत उतरविली. परक्या भाषेचे ध्वनी स्वतःच्या लिपीत मांडताना आपणांस जी अडचण पडते, तीच येथेही आहे : लिपीत जे चिन्ह नाही ते कानालाही निसटू पाहते. तथापि ज्या गीतांकडे नागर संगीतज्ञांनी क्वचितच लक्ष दिले, त्यांची नोंद एका निर्वासिताने केली, हे विसरता येत नाही.

१९४६ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. इंग्लंड आणि कॅनडा असा प्रवास करून १९५७ साली ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाले. माडिया व मुरिया गोंडांच्या गीतांवरील त्यांचा लेख १९६० साली, मुंबई सोडल्यावर चौदा वर्षांनी, तेथूनच प्रसिद्ध झाला.