सळई कोणी फिरवावी?

मांस अग्नीवर शिजविणें आणि अग्नीपुढें भाजणें हीं दोन निराळीं कामें आहेत. सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतांत 'शूल्य' म्हणतात व अमरकोशांत त्या शब्दाची नोंद आहे; म्हणजे ही रीत भारतांतहि जुनीच. परंतु सुखवस्तु गृहस्थाच्या पानावर तिला मानाचें स्थान मिळालें तें इंग्लंडांत. तेथें भिंतींत बांधलेल्या, वर धुराडें असलेल्या चुलींत लाकडाचा किंवा कोळशाचा मोठा विस्तव करीत, आणि त्याच्या वर नव्हे तर समोर मांसाची सळई आडवी लावीत. खालीं पसरट तबक असे. त्यांत गळलेली चरबी पळीनें पुन्हां मांसावर सोडीत. विस्तवाकडील बाजू करपूं नये व पलीकडील कच्ची राहूं नये, यासाठीं सळई अखंड फिरत राहणें अवश्य असे. मोठ्या तुकड्याला कित्येक तास लागत. तेवढा वेळ ती फिरवावयाची कोणी, या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं.

पहिलें उत्तर म्हणजे गरिबाचीं पोरें. आठव्या हेन्रीच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यांतील प्रचंड चुली आजहि पाहावयास मिळतात. अशा चुलींपुढें उभें राहणाऱ्या पोऱ्याच्या अंगावर वस्त्र टिकणें कठीण. इ. स. १५२६ मध्यें राजगृहाच्या व्यवस्थेचे नियम झाले. त्यांत स्वयंपाकघरांतील पोऱ्यांनीं उघडेंनागडें किंवा घाणेरड्या कपड्यांत वावरूं नये असें कलम घालावें लागलें, आणि त्यांच्या वस्त्रांची तजवीज मुख्य आचाऱ्यांकडे सोंपविण्यांत आली. राजाच्या भोजनाचें वैभव वर्णन करणाऱ्या पानांपेक्षां हें एक कलम अधिक बोलकें आहे.

दुसरें उत्तर कुत्रा. डॉ. जॉन कीझ यांनीं इ. स. १५७० मध्यें इंग्लंडांतील कुत्र्यांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला, इ. स. १५७६ मध्यें त्याचें इंग्रजी रूपांतर निघालें. त्यांत सळई फिरविणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख आहे. आंखूड पायांचा व लांबट अंगाचा हा प्राणी भिंतीवर उंच बसविलेल्या लाकडी चाकांत चाले. चाक फिरलें कीं दोरीच्या योगानें खालची सळई फिरे. पुष्कळ ठिकाणीं दोन कुत्रे पाळीपाळीनें जुंपीत. एकोणिसाव्या शतकांत ही जात नाहींशी झाली. वेल्समधील ॲबरगॅव्हेनी येथील संग्रहालयांत तिचा एक पेंढा भरलेला नमुना जपून ठेवला आहे.

तिसरें उत्तर यंत्र. धुराड्यांतून वर जाणाऱ्या तप्त हवेनें पंखा फिरवून सळईला गति देण्याची कल्पना लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांत आढळते. उस्मानी साम्राज्यांतील तकीउद्दीन या विद्वानानें इ. स. १५५१ मध्यें वाफेच्या झोतानें सळई फिरविण्याची युक्ति लिहून ठेवली. धुराड्यांतील पंख्याची अडचण अशी कीं, तो फिरण्यासाठीं विस्तव मोठा ठेवावा लागे. म्हणून घड्याळाप्रमाणें वजनावर चालणारें यंत्र अधिक सोयीचें ठरलें. दोरी गुंडाळून वजन वर चढवावयाचें. तें हळूहळू उतरतांना दांत्यांचीं चाकें सळईला फिरवीत. इंग्रजींत हलकींसलकीं कामें करणाऱ्या पोऱ्याला 'जॅक' म्हणत. त्याची जागा घेणाऱ्या यंत्रालाहि तेंच नांव मिळालें. पोरगा गेला, पण त्याचें नांव चुलीपाशींच राहिलें.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चावीचें यंत्र आलें. बाटलीच्या आकाराच्या पितळी नळकांड्यांत स्प्रिंग व चाकें बसविलेलीं असत. म्हणून त्याला 'बॉटल जॅक' म्हणत. चावी दिली म्हणजे त्याखालीं उभें टांगलेलें मांस आधीं एका बाजूला व मग उलट बाजूला फिरे. त्याच्याभोंवतीं चकचकीत पत्र्याचा अर्धगोल आडोसा ठेवीत. तो उष्णता मांसाकडे परतवी, आणि त्याच्या पाठीमागील लहान दारांतून चरबी सोडतां येई. न वजन, न दोरी, न कुत्रा! लहान चूल असलेल्या घरांतहि एका मोलकरणीला हें काम इतर कामें सांभाळून करतां येऊं लागलें.

इतक्यांत उघडी चूलच मागें पडूं लागली. तिच्यांत जळण किती वाया जातें हें काउंट रम्फर्ड यांनीं दाखवून दिलें होतें. एक्सेटरच्या जॉर्ज बॉडली यांनीं इ. स. १८०२ मध्यें बंद चुलीचें पेटंट घेतलें. तरीहि मिसेस बीटन यांच्या इ. स. १८६१ मधील गृहव्यवस्थेच्या ग्रंथांत विस्तवापुढें मांस भाजण्याच्या रीतीला स्थान आहे. पुढें भट्टींत मांस शिजविण्याची चाल रूढ झाली. त्यालाहि 'रोस्ट' हेंच नांव राहिलें, जरी त्यांत फिरणारी सळई उरली नाहीं. ती सळई आज विजेच्या मोटारीवर पुन्हां फिरत आहे.

यंत्रानें मुलाला आणि कुत्र्याला विस्तवापुढून उठविलें, ही गोष्ट खरी. पण त्यामागें करुणेपेक्षां सोयीचा विचारच अधिक होता. आगगाडी आणि गिरणी यांच्या कितीतरी आधीं यंत्रानें माणसाच्या हातांतलें काम घेतलें तें स्वयंपाकघरांत, आणि तेंहि घरांतील सर्वांत कनिष्ठ पोऱ्याच्या हातांतलें. यंत्रयुगाचा इतिहास लिहितांना त्या चावीलाहि एक ओळ द्यावयास हवी.