अंतराळ स्थानकात नमाज आणि रोजा : मुलांच्या प्रश्नांची उत्तरे

मगरिबची नमाज आटोपून देवनार-गोवंडीच्या गल्लीतून घरी जाताना कधी कधी आकाशात एक तेजस्वी ठिपका सरकताना दिसतो. तो विमानासारखा लुकलुकत नाही, त्याचा आवाजही येत नाही आणि काही मिनिटांत दिसेनासा होतो. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असते. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी साधारण २८ हजार किलोमीटर वेगाने ते पृथ्वीभोवती फिरते. एका फेरीला दीड तास लागतो, म्हणजे २४ तासांत तिथे सुमारे १६ वेळा सूर्य उगवतो.

मग मुले विचारतात, तिथे दिवसाला ८० नमाजा पढायच्या का?

उलेमांनी काय सांगितले?

नाही, पाचच. हा प्रश्न खरोखर उभा राहिला तो २००७ साली. मलेशियाचे हाडांचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर १० ऑक्टोबरला, रमजानमध्येच, बैकानूरहून सोयुझ यानाने निघाले. त्याआधी मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने मार्गदर्शन तयार केले होते. त्यातले मुख्य मुद्दे असे :

- वेळ : २४ तासांत पाच नमाजा. वेळा यान जिथून सुटले त्या ठिकाणच्या.
- किब्ला : जमेल तर काबा. नाहीतर काब्याच्या वरची आकाशातली दिशा, तेही नाही जमले तर पृथ्वी, आणि शेवटी कुठलीही दिशा.
- वुजू : पाणी नसेल तर तयम्मुम.
- उभे राहता येत नसेल तर बसून, झोपून किंवा पापण्यांच्या इशाऱ्याने.
- रोजा : परतल्यावर कजा करता येतो.

थोडक्यात, दीन माणसाला अडचणीत टाकत नाही. शेख मुझफ्फर यांनी ईद स्थानकातच साजरी केली आणि सोबत्यांना साते व बिस्किटे खिलवली.

आणखी कोण गेले?

त्याआधी सीरियाचे मुहम्मद फारिस (१९८७) आणि अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोहमंद (१९८८) सोवियत मीर स्थानकावर जाऊन आले. २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचे हज्जा अल मन्सूरी आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचले. त्याच देशाचे सुलतान अल नेयादी २०२३ मध्ये तिथे सुमारे सहा महिने राहिले. मुसाफिराला रोज्याची सवलत आहे, हे त्यांनी जाण्याआधीच स्पष्ट केले होते. मे २०२३ मध्ये रय्याना बर्नावी या अंतराळात जाणाऱ्या पहिल्या सौदी महिला ठरल्या.

आणि आपला भारत?

१९८४ मध्ये राकेश शर्मा सोवियत सॅल्यूत-७ स्थानकावर गेले. त्यानंतर तब्बल ४१ वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी, हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेत निघाले. सोबत पोलंड आणि हंगेरीचे एकेक अंतराळवीर होते. कमांडर होत्या अमेरिकेच्या पेगी व्हिटसन. २००७ मध्ये शेख मुझफ्फर यांच्या यानात आणि २०२३ मध्ये बर्नावींच्या मोहिमेतही त्याच होत्या. शुक्ला १५ जुलैला सुखरूप परतले.

आपल्या मुलांनी काय करावे?

शुक्ला एनडीएतून हवाई दलात गेले. ही परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागते. २०२२ पासून एनडीएत मुलीही जात आहेत. विज्ञानाची आवड असेल तर आपल्या शेजारी मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशातल्या खगोलशास्त्र ऑलिम्पियाडचे काम तिथूनच चालते. आपल्या वस्तीतून रिक्षाने जाता येईल इतके ते जवळ आहे, पण कित्येक घरांत त्याचे नावही माहीत नाही.

देवनार म्हटले की लोकांना कचऱ्याचा डोंगर आणि बकरा मंडी एवढेच आठवते. पण ते स्थानक आपल्याही डोक्यावरून जाते. म्हणून दहावीनंतर मुलगा-मुलगी सायन्स घ्यायचे म्हणाले, तर 'आपल्याला कुठे जमणार' असे म्हणू नका, एवढीच आमची पालकांना विनंती.