बक्षिसाचा सिनेमा कुणाचा?

पुरस्कारांचा मोसम आला की आमच्या दुधनीच्या अडत बाजारात एक ठरलेलं मत ऐकू येतं. बक्षीस मिळालेला सिनेमा म्हणजे झोपेचं औषध. परीक्षकांनी निवडायचा, पुण्या-मुंबईच्या चार शहाण्यांनी वाखाणायचा, आपलं तिथं काय काम? शिकलेल्या मंडळींच्या तोंडी हेच मत जरा इस्त्री करून येतं: महोत्सवी सिनेमा म्हणजे गोऱ्या साहेबाला आपली गरिबी विकण्याचा धंदा. पहिलं मत आळशीपणाचं आहे, दुसरं हुशारीचं. चुकीची दोन्ही आहेत.

आधी पहिलं घेऊ. 28 मार्च 2016 रोजी 63 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. त्यात अकलूजच्या रिंकू राजगुरूचा ‘सैराट’साठी विशेष उल्लेख होता. ‘सैराट’ त्याआधीच फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवून झाला होता. म्हणजे परीक्षकांची पसंती आधी आली आणि सिनेमा थिएटरात लागला महिन्याभराने, 29 एप्रिलला. पुढे काय झालं ते सांगायला नको. मराठीत तोवर कुणी केला नव्हता एवढा गल्ला त्यानं केला. बक्षिसानं सिनेमा पडतो, हा सिद्धान्त तिथंच निकालात निघायला हवा होता. पण ‘सैराट’ चालल्यावर लोकांनी त्याला बक्षिसाच्या सिनेमांतून परस्पर वगळून टाकलं. चालला तर तो ‘आपला’, पडला तर ‘बक्षिसाचा’. असा हिशेब मांडला तर मत कधीच खोटं ठरणार नाही.

त्याच यादीत उत्कृष्ट कन्नड चित्रपट होता राम रेड्डींचा ‘तिथि’. लोकार्नोच्या महोत्सवात तो 2015 सालीच गाजला होता. आमच्या गावात भाव कन्नडमध्ये ठरतो, पावती मराठीत फाडली जाते आणि ट्रकवाल्याशी घासाघीस हिंदीत होते. तेव्हा हा सिनेमा इथं कुणाला परका वाटायचं कारण नाही. गोष्ट मंड्य जिल्ह्यातल्या एका गावाची, आणि कामं केली तिथल्या गावकऱ्यांनीच. एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो. अकराव्या दिवसाच्या जेवणापर्यंत नातवाला जमीन विकून मोकळं व्हायचंय. जमीन कागदोपत्री म्हाताऱ्याची, वारस मुलगा, आणि हा मुलगा गड्डप्पा म्हणजे दाढीवाला भटक्या. सही-अंगठ्याच्या भानगडीत पडायला तयार नाही. मग नातू काय करतो, तर जिवंत बापाचा मृत्यूचा दाखला काढतो. सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी तलाठ्याकडे ज्यानं चपला झिजवल्यात, त्याला या प्रसंगाला हसताना पोटात गोळाही येतो. लोकार्नोच्या परीक्षकांना त्यातला विनोद खालची इंग्रजी ओळ वाचून समजून घ्यावा लागला असणार. आम्हाला लागत नाही.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चं तेच. 2025 च्या जानेवारीत त्याला सनडान्सच्या महोत्सवात विदेशी कथापटांतलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. मुंबईचा तरुण वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बालपणीच्या मित्राजवळ त्याचं मन मोकळं होतं. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची ही गोष्ट आहे, म्हणून नाकं मुरडणारे मुरडतील. पण लग्नाचं काय झालं म्हणून भंडावणारे नातेवाईक आणि मुलाला सांभाळून घेणारी आई ही माणसं आपल्याच घरातली आहेत. मला तो संथ वाटला, हेही खरं. सुतकाचे दिवस असेच जातात.

आता गरिबी विकण्याचा आरोप. जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’मध्ये शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो, घरचेही थांबतात. डुक्कर मात्र निवांत निघून जातं. हे कुठल्या साहेबाला विकायला ठेवलंय? बर्लिनच्या माणसाला कुणीतरी सांगावं लागेल की ते गाणं कोणतं आणि ही माणसं ताठ का उभी राहिली. कळायचं ते आपल्यालाच कळतं, आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड येतो तोही आपल्याच दिशेनं. गरिबी दाखवली की ती विकली, असं म्हणणाऱ्याला बहुधा ती शेजारी दिसलेली आवडत नाही.

मग हे सिनेमे चालत का नाहीत? कारण ते लागतच नाहीत. मोठा पडदा पाहायचा तर आम्हाला रेल्वेनं सोलापूर नाहीतर कलबुर्गी गाठावं लागतं. तिथं अशा सिनेमाला दिवसात एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळी, आणि पुढच्या शुक्रवारी तोही गायब. ‘सैराट’मागे झी स्टुडिओज होतं, जाहिरात होती, गावोगावी खेळ होते. आवड-नावड ही नंतरची गोष्ट. जो माल बाजारात उतरलाच नाही त्याला गिऱ्हाईक नाही, असं कुठला अडत्या म्हणेल?

परीक्षक चुकत नाहीत, असं मी म्हणत नाही. पण त्यांना लोकप्रिय सिनेमाचं वावडं असतं, हेही खरं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये 71 वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा उत्कृष्ट चित्रपट ठरला ‘ट्वेल्थ फेल’, आणि ‘जवान’साठी शाहरुख खानला विक्रांत मॅसीबरोबर विभागून अभिनयाचं बक्षीस मिळालं. दोन्ही सिनेमे आमच्या गावातल्या पोरांनी कधीचे पाहिलेले. भांडायचंच असेल तर याच्यावर भांडू: वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेल्या शाहरुखच्याच ‘स्वदेस’ला डावलून 2004 सालचं अभिनयाचं बक्षीस ‘हम तुम’च्या सैफ अली खानला कसं दिलं? त्या भांडणात मी बाजारातल्या मंडळींच्या बाजूनं उभा राहायला तयार आहे.