गडी, नोकर, कामगार, पार्टनर: कामावरच्या माणसाला काय म्हणायचं?

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर कानात हेडफोन घाला.)

आजचा विषय साधा वाटेल, पण शेवटी तो थेट तुमच्या पगारापर्यंत जाणार आहे.

सकाळी डोळखांबच्या नाक्यावर जी माणसं गाडीची वाट बघत उभी असतात, ती सगळी कामाला निघालेली असतात. पण त्यांची नावं बघा. भिवंडीच्या गोदामात जाणारा पोरगा 'हेल्पर' किंवा 'पॅकर'. मुरबाडच्या एमआयडीसीत जाणारा 'ठेकेदाराचा माणूस'. वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब शेठच्या वहीत 'लेबर'. अंगणवाडीतल्या ताई 'सेविका'. शाळेतले सर काही वर्षं 'शिक्षणसेवक'. आणि कल्याणात बाईकवरून जेवण पोचवणारा दोस्त चक्क 'पार्टनर'!

सगळे घाम गाळतात, मग नावं इतकी वेगळी का? हे शब्द आले कुठून? आणि नाव बदललं की माणसाची परिस्थिती बदलते का? आज हेच बघू.

नोकर म्हणजे मित्र

सुरुवात 'नोकर'पासून. हा शब्द आपल्याला अगदी घरचा वाटतो. पण तो आलाय थेट मंगोलियातून. मंगोल भाषेत 'नोकोर' म्हणजे सोबती, साथीदार. चंगीझखानाचे जे जिवाभावाचे लढवय्ये साथी होते, जे आपलं घराणं सोडून स्वतःच्या मर्जीने त्याच्याबरोबर आले, त्यांना 'नोकोर' म्हणत. मंगोल इराणात गेले, शब्द फारसीत गेला, आणि फारसीतून आपल्याकडे आला. या प्रवासात 'साथीदार'चा झाला 'पगारी माणूस' आणि पुढे 'हुकूम ऐकणारा'.

गंमत म्हणजे आजही मंगोलियात त्याच शब्दाचा अर्थ 'नवरा' असाही होतो. तिकडे एखादी बाई नवऱ्याची ओळख करून देताना जो शब्द वापरते, तोच आपल्याकडे नोकर!

आता म्हणाल, ते तिकडचं झालं. तर आपल्याच 'गडी' या शब्दाकडे बघा. कबड्डीत गडी बाद होतो. लहानपणी खेळगडी असतात, सवंगडी असतात. आणि तोच गडी दुसऱ्याच्या शेतावर वर्षभर राबायला गेला की होतो सालगडी. म्हणजे मंगोल लोकांचा शब्द जी वाट चालून गेला, तीच वाट आपला मराठी शब्दही चालला. बरोबरीचा माणूस हळूहळू खालचा माणूस झाला.

लग्नगडी

याच 'गडी'चं एक रूप ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे आणि ते आपल्याला माहीत असायलाच हवं. लग्नगडी.

आदिवासी पोराचं लग्न ठरायचं. देज द्यायला, जेवणावळीला पैसे नसायचे. मग जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून कर्ज घ्यायचं. बदल्यात काय? कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. एकट्याने नाही, नव्या बायकोसकट. हिशेबाची वही सावकाराकडे, आणि वाचता येणाराही तोच. त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. ज्या लग्नासाठी पैसे घेतले, त्या लग्नातून झालेली पोरंही त्याच दारात राबायला लागायची. 'लग्न' आणि 'गडी', दोन्ही शब्द किती छान आहेत बघा. दोन्ही जोडले की होते गुलामी.

हे जगापुढे ठळकपणे आणलं गोदावरी परुळेकर यांनी. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या गोष्टीतलं एक ठिकाण तर आपल्या रोजच्या लोकलच्या वाटेवर आहे, टिटवाळा. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातले काही वारली त्या परिषदेला आले, ऐकून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावात मोठी सभा झाली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली.

वेठ आणि रोबोट

आता 'वेठ' हा शब्द घेऊ. त्याचं मूळ संस्कृत 'विष्टि', म्हणजे राजाने फुकट करून घेतलेलं काम. हा प्रकार किती जुना? इ. स. १५०च्या सुमारास रुद्रदामन राजाने गिरनारजवळच्या सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केला. त्याच्या जुनागढच्या शिलालेखात त्याने मुद्दाम कोरून ठेवलंय की हे काम प्रजेवर कर आणि विष्टि न लादता केलं. म्हणजे न लादणं ही बढाई मारण्यासारखी गोष्ट होती. बाकीचे काय करत होते, ते ओळखा!

पुढे फारसीतून 'बेगार' आला. अर्थ तोच. आपण दोन्ही चिकटवून 'वेठबिगार' केलं. एकाच दुःखाला दोन भाषांचे शब्द. हा 'बेगार' इतका पक्का बसला की आपल्या संविधानाच्या कलम २३च्या इंग्रजी मजकुरातही तो जसाच्या तसा आहे.

आणि असाच एक शब्द युरोपातून निघून आज तुमच्या मोबाईलमध्ये येऊन बसलाय. रोबोट! चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. कुळांनी आठवड्यातले ठरावीक दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, ती रोबोटा. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली बंद झाली. पुढे १९२० साली कारेल चापेक या लेखकाने कारखान्यात बनवलेल्या, न थकता राबणाऱ्या कृत्रिम माणसांवर नाटक लिहिलं. त्यांना नाव काय द्यावं, हे त्याच्या भावाने, योसेफने सुचवलं: रोबोट. म्हणजे शब्दशः मराठी करायची तर रोबोट म्हणजे वेठबिगारच.

आपल्याकडे 'वेठ'चं काय झालं? आज पेपरात वाचतो: 'संपकऱ्यांनी नागरिकांना वेठीस धरलं.' बघा हं, वेठीला कोणाला धरायचे? राबणाऱ्याला. आणि आज तो शब्द कोणावर टाकला जातो? राबणाऱ्याने काम थांबवलं तर त्याच्यावरच. शब्द पूर्ण उलटा फिरला.

तीस नावं आणि त्यातला 'सेवक'

वेठबिगारी कायद्याने बंद झाली १९७६ साली. (त्याआधी, ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला होता.) या कायद्यात एक जागा भाषेच्या दृष्टीने फार भारी आहे. देशभरात वेठबिगारीला काय काय म्हणतात, त्याची तीसेक नावांची यादीच कायद्यात दिली आहे. बारमासिया, जीथा, कामिया, नित-मजूर, पालेरू, सागरी, वेट्टी... प्रत्येक प्रांताची आपली खास गुलामी आणि तिचं खास नाव.

आपला 'लग्नगडी' मात्र या यादीत नाही. कायदा त्यालाही लागू होतो, कारण कर्जापोटी राबवणं म्हणजे वेठबिगारी, अशी सरळ व्याख्या आहे. पण कागदावर नाव नसलं की अधिकाऱ्याला 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणायला सोपं जातं. म्हणूनच कायदा होऊनही तो गावात आणायला माणसं लागली. ठाणे जिल्ह्यात १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली ती याच कामातून.

आणि यादीत काय आहे, माहितीये? 'सेवक'. हो, तोच. तो शब्द डोक्यात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

साहेबांना कामगार म्हणायचे

सगळे शब्द खालीच घसरतात असं नाही. 'कामगार'चा प्रवास वेगळाच आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात 'कामगार' हा शब्द वारंवार येतो, पण कोणासाठी? सरकारी अधिकाऱ्यांसाठी! कचेरीत बसून शेतकऱ्याला नाडणारे ते 'कामगार'. आज ते पुस्तक पहिल्यांदा वाचणारा हमखास गोंधळतो.

त्याच काळात फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणीतल्या लोकांना एकत्र करत होते. त्यांच्या संघटनेच्या इंग्रजी नावात शब्द होता 'मिल हँड्स'. म्हणजे गिरणीचे हात! अख्ख्या माणसातून फक्त हात मोजायचे. हसू नका, आपणही तेच करतो. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. पुढे विसाव्या शतकात 'गिरणी कामगार' हा शब्द उभा राहिला आणि त्याने युनियन केली, संप केले, रजा आणि फंड मिळवला. कचेरीतल्या साहेबाचा शब्द गिरणीतल्या माणसाने स्वतःच्या छातीवर लावला.

योगायोग बघा, त्याच १८८३ साली तिकडे एंगेल्स एका शब्दावर वैतागला होता. जर्मन भाषेत मालकाला म्हणतात 'काम देणारा' आणि कामगाराला 'काम घेणारा'. मार्क्सच्या 'कॅपिटल'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की हे उलटं आहे. जो आपले श्रम देतो, त्याला घेणारा कसं म्हणता? जर्मनीत आजही तेच शब्द चालतात. आणि आपणही म्हणतोच की, 'शेठने काम दिलं'.

कुली ते सहायक

आपल्या डोंगरपट्ट्याशी नातं सांगणारा एक शब्द जगभर फिरला: कुली. तमिळमध्ये 'कूली' म्हणजे मजुरी, तिथून तो आला असं काहींचं म्हणणं. दुसरं मत असं की तो पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कोळी' या समाजाच्या नावावरून पडला. डोळखांब परिसरात महादेव कोळी समाज मोठा आहे, त्यामुळे हा वाद आपल्या दाराशी येतो. पोर्तुगीज आणि इंग्रजांनी हा शब्द जहाजात घालून मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, कॅरिबियनपर्यंत नेला. दक्षिण आफ्रिकेत तर ती आजही शिवी आहे.

२०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी जाहीर केलं की कुलींना यापुढे 'सहायक' म्हणायचं. चांगलंच झालं. पण बिल्ला लावलेला हा माणूस रेल्वेचा पगारी कर्मचारी त्या दिवशी झाला का? नाही. पाटी बदलली, पोटाची सोय तीच राहिली.

सेविका, मानधन आणि पार्टनर

आता तो 'सेवक' परत काढू. अंगणवाडीत पोरांना खाऊ घालणाऱ्या, वजनं घेणाऱ्या, घरोघर फिरणाऱ्या बाईला सरकारने नाव दिलं 'सेविका', तिच्या जोडीदारणीला 'मदतनीस'. आणि त्यांना मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. काय गोड शब्द आहे! मान आणि धन. पण पगार घेणाऱ्याला हक्क असतात आणि मानधन घेणाऱ्याचे आभार मानले जातात.

हा शब्दांचा खेळ कोर्टात गेला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नाव मानधन असलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच आहे, आणि अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक अभय ओक. त्यांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात.

'पार्टनर'चंही तसंच. पार्टनर म्हणजे भागीदार, मग नफ्यात भाग कुठाय? पेट्रोल त्याचं, बाईक त्याची, पाय मोडला तर दवाखानाही त्याचा. ब्रिटनमध्ये उबरच्या चालकांनी हाच प्रश्न विचारला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारात काहीही लिहा, हे लोक कामगारच आहेत. मग किमान वेतन आलं, भरपगारी रजा आली. एका शब्दाचा निकाल लागला आणि हजारो घरांचा हिशेब बदलला.

मग काय करायचं?

आठशे वर्षांचा हा प्रवास बघितल्यावर मला एकच गोष्ट दिसते. शब्द जितका गोड, तितकं त्याच्या मागे काय आहे ते तपासायला हवं. नोकोर, गडी, सेवक, पार्टनर: सगळे मैत्रीचे, मायेचे शब्द. 'कामगार' त्या मानाने रुक्ष. पण रजा, फंड, किमान वेतन मिळालं ते त्या रुक्ष शब्दाला.

म्हणून उद्या गोदामात, कंपनीत किंवा ॲपवर तुम्हाला कोणी 'टीम मेंबर' म्हटलं, 'आपण सगळे एक फॅमिली' म्हटलं, तर खुशाल हसून घ्या. पण चार गोष्टी विचारा. हजेरी कोणाच्या नावावर लागते, ठेकेदाराच्या की कंपनीच्या? पगाराची पावती मिळते का? फंड कापतात तर तो खात्यात दिसतो का? आणि कामावर हात सापडला तर खर्च कोणाचा? या चार उत्तरांत तुम्ही खरे कोण आहात, ते कळतं. ओळखपत्रावर काहीही छापलेलं असो.

आणि एक काम तुमच्याकडे. घरी आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याला काय म्हणायचे? वीटभट्टीवर, जंगलाच्या कामावर, धरणाच्या कामावर कोणते शब्द होते? ठाकरी, कातकरी, वारली, जी तुमची बोली असेल तिच्यातच रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. हे शब्द अजून कुठल्याच यादीत नाहीत. चांगले जमले तर त्यांचाच एक भाग करू.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काम करा, पण दाम मोजून घ्या!